महादेवीचा कान

आमच्या सोलापुरात हंगाम तीन. ज्वारीचा, उन्हाचा, आणि आलाच तर पावसाचा. चौथा एक हंगाम असतो आणि तो अकरा वर्षांनी येतो, असं मी कारखान्यात सांगायचो तेव्हा लोक हसायचे. "जॉबरला ऊन लागलं," म्हणायचे. पण खरं आहे ते. सूर्यावर काळे डाग वाढतात, दोन-तीन वर्षं तसेच राहतात, मग कमी होतात. डाग वाढले की वरच्या हवेत काहीतरी होतं. काय होतं ते पुस्तकातल्या शब्दांत मला सांगता येणार नाही, मी सातवी शिकलोय. पण गच्चीवरच्या दहा हात तारेतून निघालेला बारीक आवाज तेव्हा जपानला जातो, फिनलंडला जातो. एरवी तोच आवाज बार्शीलासुद्धा पोचत नाही.

तो हंगाम परत आलाय. मला अश्विनीनं फोन करून सांगितलं. अश्विनी इथल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि हौशी रेडिओवाल्यांचा क्लब चालवते. हौशी रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन घ्यायचं, सरकार आकडे-अक्षरांचं एक नाव देतं त्याला कॉलसाइन म्हणायचं, आणि मग आपल्या घरात बसून जगातल्या दुसऱ्या लायसनवाल्याला हाक मारायची. काही लोक तोंडानं बोलतात, काही मोर्सनं, म्हणजे जुन्या तारायंत्रातल्या त्या डा-डिटनं. मी मोर्सवाला.

"काका, दहा मीटरचा पट्टा उघडलाय!" अश्विनी फोनवर ओरडत होती. माझ्याशी सगळेच ओरडून बोलतात. "दुपारी चारला युरोप असा येतोय की खिडकीतनं हाक मारल्यासारखा. सेट लावा की!"

"लावतो," म्हटलं. लावला नाही. चौदा महिने लावलेला नव्हता. महादेवी गेली तेव्हापासून.

महादेवी माझी बायको. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, घरात कानडी, शाळा चौथीपर्यंत. तिच्याविषयी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती चांगली गोष्ट नाही, आणि वाईट जे आहे ते सगळं माझं आहे.

बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. असाच डागांचा हंगाम होता. दिवाळी होऊन गेलेली, सकाळी अंगावर काटा येईल इतपत गारवा, दुपारी ऊन. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी जॉबर होतो. माग बंद पडला की जॉबरनं उठवायचा. पहिली पाळी संपली की सायकल काढायची ती साडेतीनला घरी. डोक्यावर, भुवयांवर सुताची फुलं. महादेवी दारातच टॉवेलानं झाडायची मला, गालिचा झाडल्यासारखी. आत पत्र्याच्या दोन खोल्या. ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या तेंदूच्या पानांचा वास, तंबाखूचा वास, आणि मी सेटला झाळ मारत असेन तर त्या कथलाच्या धुराचा. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानं, दोरा, कात्री. बोटं चालूच. बोलताना चालू, हसताना चालू, रडताना चालू.

सेट मी स्वतः बांधलेला. भंगार बाजारातून डबे आणायचे, उघडायचे, कामाचं काढून घ्यायचं. मोर्सची चावी मागाच्या स्प्रिंगपट्टीची केली होती, तिची मूठ तुटक्या धोट्याच्या लाकडाची. त्या धोट्यानं किती टॉवेल विणले असतील. बोटाला तेलकट गुळगुळीत लागायची ती मूठ. अजून लागते.

लायसनच्या चौकशीला हवालदार घरी आला होता. वरची तार बघून त्याला काय सुचेना.

"परदेशाशी बोलताय म्हणं? काय बोलता?"

मी जुळवाजुळव करायला लागलो. महादेवी आतनं म्हणाली, "काय न्हाय ओ साहेब. 'तुमाला माझा आवाज कसा येतोय' एवढं इचारतात. त्यो सांगतो, 'बरा येतोय.' मग हे म्हणत्यात, 'मलाबी बरा येतोय.' झालं. एवढ्यासाठी एवढी तार!"

हवालदार चहा सांडेपर्यंत हसला. सही करून गेला.

आता मुद्द्यावर येतो. मला ऐकू येत नव्हतं.

तीस माग एकदम चालणाऱ्या शेडमध्ये वयाच्या सोळाव्या वर्षापासून उभा होतो मी. तिथं माणसं ओठ बघून बोलतात. कान गेला हे कळायलाच वर्षं जातात, कारण सगळ्यांचाच गेलेला असतो. मोठा आवाज मला यायचा. पण लांबचा मोर्स मोठा नसतो. रेडिओत सदा एक सळसळ असते, सुपात ज्वारी पाखडल्यासारखी, आणि त्या सळसळीच्या तळाशी बारीक सुई टोचावी तसा तो आवाज असतो. मला नुसती ज्वारी ऐकू यायची. परीक्षेत मोर्स ऐकून लिहायचा असतो. दोनदा नापास झालो. कारखान्यातल्या पोरांना सांगितलं, पेपर अवघड होता.

तिसऱ्या वेळेला महादेवीनं माझी तयारी करून घेतली. टेप लावायची, ऐकायची, आणि तोंडानं मला म्हणून दाखवायची. "डा डिट डा डिट. आता ल्हिवा." तिचं तोंड मला ऐकू यायचं, दिसायचंही. मी पास झालो, पुढच्या बाकावर बसून, टेपच्या तोंडाशी कान लावून. आणि ती विड्या वळता वळता सगळी इंग्रजी अक्षरं शिकली. वाचता यायची नाहीत तिला. आवाजानं ओळखायची.

मग घरचा रिवाजच पडला. चार वाजले की हेडफोन तिच्या डोक्यावर. पदरावरून चढवायची, मांडीवर सूप. मी सेटची खुंटी केसभर केसभर फिरवायचो आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. ती मान तिरकी करायची. बोटं पान दुमडत असायची, आणि एकाएकी थांबायची. फक्त तेव्हाच थांबायची.

"बंतु!"

म्हणजे कानडीत, आला. बंतु, बंतु म्हणत ती एक हात हवेत धरायची, जसं काही मी खुंटी हलवली तर तो माणूस पडेल. मग एकेक अक्षर सांगायला लागायची आणि मी वहीत उतरवायचो. माणसाचं नाव, गाव, कॉलसाइन. उत्तर मी चावीवर द्यायचो, कारण लायसन माझं. तिला ऐकायला परवानगी होती, बोलायला नव्हती.

असे किती देश झाले. प्रत्येकाचं पोस्टानं कार्ड यायचं, तशी पद्धतच आहे आमच्यात, भेट झाल्याची खूण म्हणून. कार्डांवर लिहिलेलं असायचं, एवढा क्षीण सिग्नल तुम्ही पकडलात, काय तुमचा कान! बुटांच्या खोक्यांत ती कार्डं भरून ठेवली. त्यांतल्या एकाही कार्डावर महादेवीचं नाव नाही. वहीतही नाही. सगळं अक्षर माझं.

फिनलंडचा एक म्हातारा होता. दर गुरुवारी यायचा. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, चालण्यासारखा, पाठमोरा माणूस ओळखावा तसा ओळखू येतो. मला तेवढं कुठलं कळायला. तिला कळायचं. "ह्याचा हात थरथरतोय ओ. मागच्या गुरुवारपेक्षा जास्त. इचारा की, तब्येत कशी हाय."

"असलं विचारत न्हाईत."

"का न्हाईत? माणूस हाय की त्यो."

"अगं, नाव-गाव सांगायचं, नमस्कार करायचा. नियम असतोय."

नियम असा काही नव्हता. तब्येत खुशाल विचारतात. मला इंग्रजीत वाक्य जुळवता येत नव्हतं, म्हणून मी नियमाचं नाव पुढं केलं. असे बरेच नियम मी घरी केले आयुष्यभर.

त्या थंडीत रेडिओवाल्यांचा मेळावा होता दुसऱ्या गावात. मला शाल दिली. स्टेजवरचा माणूस माईकवरून म्हणाला, आपल्या जिल्ह्याला असा कान लाभलाय. मी हात जोडले. महादेवी बायकांच्या रांगेत शेवटी बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत दोन कडक भाकरी आणि शेंगाचटणी. टाळ्या वाजवत होती. सगळ्यांत जोरात वाजवत होती.

येताना एसटीत खिडकीशी बसली. गाव मागं पडल्यावर हसून म्हणाली, "माझ्या कानाला शाल कवा?"

चेष्टाच होती ती. पुढच्या सीटवर क्लबातला एक जण बसला होता. मी तिला हळू पण कडक आवाजात म्हणालो, "गप बस. लोक ऐकतील."

ती गप बसली. खिडकीबाहेर ज्वारी उभी होती, पोटरीला आलेली. मला अजून ती ज्वारी दिसते. तिचं तोंड मी बघितलंच नाही.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "माझाबी फॉर्म भरा की."

"कसला?"

"तुमच्या परीक्षेचा. मलाबी लायसन काढायचंय. नुसतं ऐकून ऐकून कान भरलं ओ. त्या आजोबाला मीच इचारते, कसं हायसा म्हणून."

मी फॉर्म आणला. खोटं कशाला बोलू, आणताना बरंच वाटलं मला. आपली बायको, बरं वाटणारच. ती चौकातल्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून आली, हिरवं इरकल नेसून, केसाला तेल लावून. फॉर्मवर फोटो चिकटवला. अर्धी सही फोटोवर आणि अर्धी कागदावर अशी करायची असते. तिनं मराठीत केली, पाटीवर गिरवल्यासारखी. 'महा' कागदावर, 'देवी' फोटोवर. झाल्यावर फुंकर मारत बसली वाळेपर्यंत.

पाकीट घेऊन मी सायकलवर पोस्टात निघालो.

पोस्टाच्या रांगेत माझ्या पुढं चार माणसं होती. तेवढ्यात मनात आलं. ही पहिल्या फेरीत पास होणार. मी तिसऱ्यात झालो. परीक्षक सांगणार, बाईंचा कान काय आहे! मग हिचं वेगळं कॉलसाइन येणार, हिची वेगळी वही होणार. माझी वही रिकामी राहणार. चार दिवसांत सगळ्यांना कळणार की ह्या गड्याला काही ऐकू येत नव्हतं, बायको ऐकायची आणि हा शाल घ्यायचा. पुढची चारही माणसं गेली. खिडकीतला म्हणाला, "काय हाय?" मी म्हणालो, "दोन आंतर्देशीय द्या."

पाकीट घरी आणून कार्डांच्या खोक्यात तळाला ठेवलं. फाडायचं धाडस झालं नाही.

महिनाभरानं तिनं विचारलं. मी म्हणालो, "परत आला फॉर्म. शिक्षण कमी पडतंय."

"तुमचं सातवी. तुमाला कसं दिलं मग?"

"बायकांना वेगळा नियम हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. विडी वळून झाली होती, दोरा गुंडाळायचा राहिला होता. मग कानडीत म्हणाली, "आय्तु." म्हणजे झालं, असू दे. दोरा गुंडाळला, विडी सुपात टाकली.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेनंतर फिनलंडचा म्हातारा आला नाही. ती गुरुवारी चार वाजता हेडफोन चढवून बसायची, मला खुंटी हलवू द्यायची नाही. "हितंच असतंय त्यो. ऱ्हाऊ द्या." एक गुरुवार, दुसरा, चार-पाच गुरुवार. मग म्हणाली, "काय झालं असंल ओ?"

"हंगाम संपला असंल."

हंगाम संपला नव्हता.

पुढं वीस वर्षं ती माझ्यासाठी ऐकत राहिली. डाग कमी झाले तेव्हा ऐकलं, मधल्या फेरीत परत वाढले तेव्हा ऐकलं. पोरगी लग्न होऊन सांगोल्याला गेली, मी कामावरनं उतरलो, तंबाखूच्या धुळीनं तिची छाती भरली. तरी चार वाजता, खोकत खोकत, "बंतु." शेवटची दोन वर्षं दर आठवड्याला तिला दवाखान्यात न्यायचो, विडी कामगारांच्या. खिडकीवर तिचं विडी कामगारांचं कार्ड दाखवावं लागायचं. ते माझ्याच वरच्या खिशात असायचं. फोटोवाली बाजू वर करून मी ते काचेखालून सरकवायचो. किती वेळा सरकवलं असेल.

शेवटी तिनं माझ्या हातावर बोटानं मोर्समध्ये काही टकटक केलं, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. तसलं काही झालं नाही. ती पाणी मागत होती आणि मला ते ऐकू आलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सांगितलं, "ओ मामा, पाणी मागत्यात त्या." मी उठलो, पाणी दिलं. दोन घोट गेले, बाकीचं ओघळलं.

दिवस झाल्यावर म्हटलं, आता ते पाकीट जाळून टाकावं. पोरीच्या हाताला लागायला नको. खोकं उपसलं. पाकीट होतं तिथंच होतं. मला बरं वाटलं. उघडलं तर आत फॉर्म होता, आणि फोटो नव्हता.

फोटोच्या जागी डिंकाचा पिवळा चौकोन. चौकोनाच्या कडेला 'महा'.

मी फॉर्म खाली ठेवला. मग उठून शर्टाच्या खिशातलं तिचं विडीचं कार्ड काढलं. हिरवं इरकल, तेल लावलेले केस. फोटोच्या कडेला 'देवी'. कार्ड फॉर्मला लावलं. सही जुळली.

ते कार्ड त्याच उन्हाळ्यात काढलेलं. म्हणजे माझ्या खोट्यानंतर चार-पाच महिन्यांत तिला पाकीट सापडलं. कार्डाला फोटो हवा होता, घरात एक फोटो आयता पडून होता, तिनं सोडवून घेतला आणि पाकीट होतं तसं ठेवून दिलं. भांडली नाही. टोमणा मारला नाही. दुपारी चार वाजता हेडफोन चढवला आणि म्हणाली, बंतु. वीस वर्षं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचो, मला वाटायचं तिचं सगळं माझ्या ध्यानात येतं.

आणि तो फोटो मी दर आठवड्याला खिशात घेऊन फिरत होतो.

तिनं का नाही विचारलं, ह्याचा विचार मी चौदा महिने करतोय. कधी वाटतं, मोठ्या मनानं सोडून दिलं. पण ते मला सोयीचं आहे म्हणून वाटतं. कधी वाटतं, मला वर्षानुवर्षं खोटारडा म्हणून बघत बसली असेल, पान दुमडत. तेही तिला शोभत नाही. एवढं कळतं की विचारण्याइतकासुद्धा माझा भरवसा तिला उरला नसेल. ऐकणं मात्र तिनं माझ्यासाठी केलं नाही. तिला ऐकायचंच होतं. जगात कोण कोण आहे, कुणाचा हात थरथरतोय, हे तिला हवं होतं. त्यासाठी माझा सेट होता आणि मी खुंटी फिरवणारा गडी होतो.

हे सगळं मी गप्प गिळून बसलो असतो. पण अश्विनीचा तो फोन आला आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. क्लबानं नवं स्टेशन बांधलंय. बरंच काय काय करतायत. सांगोल्याकडच्या वाड्यावस्त्यांवर फोन बंद पडला तर निरोप जावा म्हणून शाळांत सेट बसवतायत, उपग्रहाचे आवाज पोरांना ऐकवतायत. पोरी परीक्षा देतायत, आता तर कॉम्प्युटरवर. पहिल्या पायरीच्या लायसनला मोर्स लागतच नाही. त्या नव्या स्टेशनात एक मोर्सचा कोपरा, आणि त्या कोपऱ्याला माझं नाव. रविवारी उद्घाटन.

"काका, तुम्ही एक सिग्नल लाइव्ह ऐकून दाखवायचा. मुलांना बघू दे, कान म्हणजे काय असतो."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. हो म्हणालो. मनात ठरवलं, सगळ्यांसमोर सांगून टाकू. पाकीट आणि कार्ड कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

रविवारी खोली भरलेली. भिंतीला पितळी पाटी, तिच्यावर मी. अश्विनीनं माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. माझ्या पोरीनं मागं कधीतरी कानातलं यंत्र आणून दिलंय, त्यानं माणसाचं बोलणं कळतं. सळसळीत ते सळसळच वाढवतं. नुसती ज्वारी. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. जसा मी तिच्या तोंडाकडं बघायचो तसे.

मी हेडफोन काढला. म्हणालो, "मला ऐकू येत नाही. कधीच येत नव्हतं. ऐकायची ती माझी बायको."

मग एक जण म्हणाला, "ह्याला म्हणायचं मोठेपणा!" दुसऱ्यानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. एका बाईनं डोळे पुसले. कुणीतरी माईकवर बोलायला लागलं की काकूंची साथ नसती तर काका इथवर आले नसते, प्रत्येक यशामागं, वगैरे.

पाकीट काढायला हात खिशात गेला होता. तो तसाच राहिला. का राहिला ते सांगतो. टाळ्या गोड लागल्या. एकाहत्तराव्या वर्षी, बायकोला जाळून आल्यावर, ती गोष्ट खिशात असताना, टाळ्या गोड लागल्या. परत एक शाल मिळाली, ती पांघरून मी घरी आलो.

घरी आल्यावर शाल कुठं ठेवावी कळेना. तिच्या विड्यांचं सूप भिंतीला टांगलेलं आहे, त्याच्याकडं बघवेना. सोमवारी सकाळीच अश्विनीला बोलावलं. म्हटलं, एकटी ये.

ती आली, चहा घेतला. मी फॉर्म आणि कार्ड तिच्यापुढं ठेवलं, आणि सगळं सांगितलं. पोस्टाची रांग, आंतर्देशीय, बायकांचा वेगळा नियम. मग तिनं कार्ड उचललं आणि फॉर्मच्या पिवळ्या चौकोनावर ठेवून सही जुळवली. बोट त्या सहीवरनं फिरवलं.

"काका, फार वाईट केलंत तुम्ही," ती म्हणाली. ओरडून बोलली नाही, पण मला कळलं.

"व्हय."

"मी दहावीत असताना तुमच्याकडं यायचे. काकू चहा द्यायच्या. मी त्यांना एकदाही विचारलं नाही हो, तुम्ही काय ऐकता. मला वाटायचं, हेडफोन तुमच्या सोयीसाठी धरून बसतात." तिनं स्वतःचा फोन काढला. "आज ह्या कानाची गरजसुद्धा राहिली नाही. हे बघा, फोन सेटजवळ ठेवला की मोर्सची अक्षरं आपोआप उमटतात. फुकट." तिनं माझ्या फोनमध्येही ते घालून दिलं. जे मी बायकोकडून चोरलं, ते आता पोरांच्या खिशात फिरतंय.

जाताना दारात म्हणाली, "पाटी बदलायची ना?"

"बदल."

"पूर्ण नाव सांगा काकूंचं."

मी सवयीनं सांगायला लागलो, महादेवी, मग माझं नाव, मग आडनाव. तिनं हात वर केला. "तुमचं नको. नुसतं त्यांचं."

हे सगळं लिहून काढतोय ते एवढ्यासाठी. खोलीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कागदाला टाळ्या वाजवता येत नाहीत.

काल गुरुवार होता. हवा तशीच होती, सकाळी गार, दुपारी ऊन. गच्चीवरची तार शेजारणीनं साड्या वाळत घालून लोंबवली होती, ती ताणून घेतली. साडेतीनला सेट पुसला. सूप भिंतीवरनं काढून तिच्या जागेवर ठेवलं, हेडफोन सुपात. चारला खुंटी फिरवून, फिनलंडच्या म्हाताऱ्यासाठी तिनं धरून ठेवली होती त्याच जागी आणली. अजून पेन्सिलची खूण आहे तिथं.

चावीवर हात ठेवला. माझा हातही आता थरथरतो. आधी माझं कॉलसाइन पाठवलं, तो नियम खरा आहे. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अश्विनीनं कागदावर लिहून दिलेलं, एकेक अक्षर. ह्या स्टेशनवरून जे जे ऐकलं गेलं ते माझ्या बायकोनं ऐकलं. मी ऐकलं नाही. तिचं नाव महादेवी. नाव तीनदा पाठवलं. तिनं कधी ते पाठवलं नव्हतं, आणि कुठल्या कार्डावर, कुठल्या वहीत ते आलं नव्हतं. मग चावी सोडली.

सळसळ. ज्वारी पाखडल्यासारखी. सेटच्या तोंडाला एक काटा आहे, सिग्नल आला की हलतो. काटा पडून होता. मी त्याच्याकडं बघत बसलो.

काटा उचलला. थांबला, परत उचलला. लांब, तुटक, लांब. कुणीतरी होतं. कुठल्यातरी गावात कुणीतरी चावीवर हात ठेवला होता आणि माझ्याशी, नाहीतर तिच्याशी, बोलत होतं. बराच वेळ बोललं. नाव-गाव आणि नमस्कार एवढ्यात संपणारं ते नव्हतं. फोन शेजारीच पडला होता. अक्षरं उमटवून दिली असती त्यानं, पण ऐकणं तिचं होतं. मी तो उचलला नाही.

काटा पडला. काय बोललं ते मला ऐकू आलं नाही.